पिवळ्यासाठी पाच हात

९ जानेवारी

आज सही केली. शर्यतीची एक गाडी, तिच्या सुट्या भागांनी भरलेली कपाटं, अकरा माणसं, शहराबाहेरचं एक गॅरेज आणि गेल्या मोसमातला शेवटून दुसरा नंबर, एवढं सगळं माझ्या मालकीचं झालं. जुना मालक सही करताना इतका खूश दिसत होता की मला तिथेच शंका यायला हवी होती.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात."

म्हटलं, "मी निवृत्त झालो नाही. मला केलंय."

त्यावर ती चहा ठेवायला उठली. चिरंजीवांविरुद्ध ती कधीच काही बोलत नाही.

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता. रंगाची कंपनी मी आणि दादाने एका पिंपात काठी ढवळून सुरू केली. दादा लवकर गेला, पुढचं सगळं मी उभं केलं. गेल्या वर्षी चिरंजीवांनी मला 'मानद अध्यक्ष' केलं. म्हणजे जिन्याशेजारची खोली दिली, तिच्यात एक टेबल, एक खुर्ची आणि कुंडीत प्लास्टिकचं झाड. खरं झाड दिलं असतं तर पाणी घालायचं तरी काम राहिलं असतं. आणि माझ्या पाठोपाठ त्यांनी आमचा पिवळा बंद केला. आमचा पहिला रंग, मी आणि दादाने आमच्या हातांनी जमवलेला. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, हा म्हाताऱ्यांचा रंग आहे. खपत नाही."

आता हा म्हाताऱ्यांचा रंग टीव्हीवर ताशी अडीचशेच्या वेगाने धावेल. चिरंजीवांनी घरी बसून बघावा.

१६ जानेवारी

गाडी कोण चालवणार हा प्रश्नच नव्हता. गोटू चालवणार.

गोटू म्हणजे दादाचा मुलगा. लहानपणी गोटीसारखा गोल होता आणि खाण्यापलीकडे त्याला काही सुचायचं नाही, म्हणून हे नाव पडलं. आता पंचविशी उलटली, अंगाने बेताचा झाला, पण ताटावर बसला की अजून तोच. दादा गेला तेव्हा हा पहिलीत होता. वहिनी आणि तो तेव्हापासून आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर आहेत. शाळा, कॉलेज, मग हे शर्यतीचं वेड, सगळं मीच पुरवलं. उपकार केले असं मी म्हणत नाही. पण केले नाहीत असं दुसऱ्या कोणी म्हणू नये.

दोन मोसम दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्याने बरं नाव मिळवलंय. त्याला बोलावून म्हटलं, "या वर्षी तू माझी गाडी चालवायचीस." त्याला दुसऱ्या एका चांगल्या संघाने विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालेल काका."

याला म्हणतात माणूस. याने आजवर माझा शब्द खाली पडू दिलेला नाही. आमच्या चिरंजीवांनी एकही झेललेला नाही.

वहिनी जिन्यात उभ्या होत्या. "जपून रे बाबा," म्हणाल्या. त्याला म्हणाल्या की मला, ते समजलं नाही.

३ फेब्रुवारी

गॅरेज पाहिलं. मला वाटलं होतं तेल, काजळी, आपटाआपटी. इथे फरशी अशी पुसलेली की आमच्या प्रयोगशाळेला लाज वाटावी. प्रत्येक पान्याला भिंतीवर त्याच्या आकाराची खाच. माणसं हळू आवाजात बोलतात, दवाखान्यात बोलावं तशी.

मुख्य इंजिनिअर भेटला. चाळिशीचा, चेहऱ्यावर माझ्याविषयीचं मत आधीच तयार. प्रत्येक वाक्य 'असं आहे ना'ने सुरू करतो, त्यामुळे मी मनातल्या मनात त्याला प्राध्यापक म्हणायला लागलोय.

गाडी पाहून मात्र मन खट्टू झालं. काळीकुट्ट. म्हटलं, "हिला असा सुतकी रंग कोणी दिला?"

"असं आहे ना साहेब, हिला रंगच दिलेला नाही. ही कार्बनची वीण आहे, तशीच उघडी ठेवतो. रंगाला वजन असतं."

उभा जन्म रंगात गेलेल्या माणसाला हा सांगतोय, रंगाला वजन असतं! मी म्हटलं, "आणि नाव नावाची चीजही असते. गाडी पिवळी होणार." तो 'बरं' म्हणाला. काही लोकांना 'बरं' असं म्हणता येतं की त्यापेक्षा शिवी परवडली.

२१ फेब्रुवारी

आज फार दिवसांनी पोटभर काम केलं. गाडीला रंग दिला. म्हणजे फवारा माझ्या हातात नव्हता, पण मी तोंडाला पट्टी बांधून दिवसभर तिथे उभा होतो आणि एक हात दुसऱ्यावर कधी चढवायचा ते सांगत होतो.

आमचा पिवळा पाच जुन्या डब्यांतून आला. गोदामातल्या माणसाने चिरंजीवांना न विचारता काढून दिले. पिवळा हा लबाड रंग. अंगात ऊन असल्यासारखा दिसतो, पण झाकत म्हणून नाही, आणि काळ्यावर तर मुळीच नाही. लाल, निळा एका हातात काम उरकतात. पिवळ्याला खाली आधी पांढऱ्याचा हात हवा, त्यावर पिवळ्याचे तीन, त्यावर चकाकीचा लॅकर. एकूण पाच. एकही कमी करून चालत नाही, नाहीतर खालचा काळा वर येतो आणि रंग आजारी दिसतो. हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

शेवटचा हात वाळल्यावर दिवे लावले. गोटू बघत राहिला. म्हणाला, "काका, बाबा असायला हवे होते."

मी खिडकीकडे गेलो. डोळ्यांत थिनर गेलं होतं.

१५ मार्च

पहिली शर्यत. अठरा गाड्यांत चौदावे.

गाडी सगळ्यांत देखणी होती, हे मी सांगत नाही, लोक सांगत होते. पण शर्यत सुटली आणि दर सरळ रस्त्यावर एकेक गाडी आमच्या शेजारून अशी निघून जाई की जणू आम्ही पत्ता विचारायला थांबलोय.

संपल्यावर गाडी आणि चालक दोघांना काट्यावर चढवतात. दोघांचं मिळून नियमाने ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरलं तर बाद. जास्त भरलं तर शिक्षा नाही, पण मग शर्यतीतच मिळते. प्राध्यापक कागद घेऊन आला. "असं आहे ना साहेब, बाकीचे सगळे बरोबर रेषेवर आहेत. आपण वर आहोत. म्हणजे प्रत्येक वळणाला आपण एक गोणी बरोबर घेऊन धावतोय. रंग काढू या."

म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. रंग सोडून दुसरं काहीही काढा."

"बाकी सगळं काढून झालंय."

आवाज चढले. सगळं गॅरेज पान्यांकडे बघत उभं. तेवढ्यात गोटू मध्ये पडला. शर्टाच्या वरून पोट चिमटीत धरून म्हणाला, "भांडता कशाला? इथे माल आहे की भरपूर. मी उतरवतो." सगळे हसले. प्राध्यापक हसला नाही, पण तो कशालाच हसत नाही.

मी गोटूच्या पाठीवर थाप मारली. संघ म्हणजे काय, ते याला कळतं.

२९ मार्च

गोटूने मनावर घेतलंय. सकाळी उठून काट्यावर उभा राहतो आणि आकडा मला येऊन सांगतो. मी 'शाबास' म्हणतो आणि तो पळायला जातो. अशी शिस्त मी चिरंजीवांना लावू शकलो नाही.

आज जेवताना त्याने अर्धं सफरचंद खाल्लं, तेही इतक्या फोडी करून की मोजायला माणूस ठेवावा. वहिनी म्हणाल्या, "अरे, एवढ्याने काय होतंय?" तो म्हणाला, "भूकच नाही आई." हिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खेळाडू आहे तो. तुमच्या हिशेबाने खायला लागला तर गाडीत मावायचा नाही."

१२ एप्रिल

अकरावे! तीन जागा वर. पत्रकार आले होते. एकाने विचारलं, सुधारणेचं रहस्य काय. मी म्हटलं, त्याग. छापून आलं पाहिजे.

२६ एप्रिल

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मला वाटलं होतं हे फक्त घरात होतं.

आज सरावाला मी खाली न थांबता वर पाहुण्यांच्या गच्चीत गेलो. गाडी खालून गेली आणि मला तिचं छप्पर दिसलं. मधोमध काळपट! उजेडाने असेल म्हणून पुढच्या फेरीला दुर्बीण लावली. घासलेलं होतं. आत आल्यावर गाडीखाली वाकून पाहिलं, दारांच्या आतल्या बाजू पाहिल्या. जिथे जिथे माझी नजर जाणार नाही तिथे तिथे या लोकांनी पॉलिशचा कागद मारून माझा पिवळा उतरवला होता. दर शर्यतीला थोडा थोडा. घरातल्या डब्यातली साखर पळवावी तसा.

प्राध्यापकाला सगळ्यांसमोर विचारलं. तो शरमला नाही. "हो. मीच सांगितलं."

"मालक कोण आहे इथे?"

"तुम्ही. म्हणून तर छपरावरून घासला."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, वहिनींच्या कानावर गेलंच आहे. गाडी नव्याने रंगवायची, पाचही हात, आणि या वेळी दारांच्या आतूनसुद्धा. प्राध्यापक म्हणाला, "मग हे वजन मी कुठून काढू, तेवढं सांगा."

"ते तुमचं काम."

गोटू टायरवर बसला होता. त्याने फरशीकडे बघत विचारलं, "एकूण किती होईल?" प्राध्यापकाने आकडा सांगितला. गोटूने मान हलवली. त्याला चिंता लागून राहते बिचाऱ्याला, नसत्या गोष्टींची.

१० मे

घरात उकडून जीव जातोय आणि गोटू स्वेटर घालून बसतो. पळायला जाताना अंगात रबरी कोट. म्हणतो, घाम चांगला निघतो.

त्याला बहुधा सर्दी झालीय. एक बाटली जवळ ठेवतो आणि सारखा तिच्यात थुंकतो. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव." म्हणाला, "शर्यत झाली की थांबेल."

चेहरा मात्र काय निघालाय! गालांची हाडं वर आली आहेत. जाहिरातीतले चालक असेच दिसतात. कमरेचा पट्टा त्याने खिळ्याने नवं भोक पाडून लावला होता. मी त्याला नवा पट्टा आणून दिला.

१९ मे

मासिकाच्या मुखपृष्ठावर आमची गाडी! आणि बाजूला हेल्मेट काखेत धरून गोटू. पिवळा असा उतरलाय की कागदातून ऊन पडावं. एक अंक मुद्दाम चिरंजीवांच्या टेबलावर पाठवला, वर चिठ्ठी: 'म्हाताऱ्यांचा रंग.'

दुपारी त्यांचा फोन. मला वाटलं, आता तरी दोन शब्द ऐकायला मिळतील. तर म्हणाले, "बाबा, गोटूला काय झालंय?"

"कुठे काय झालंय?"

"तो ओळखू येत नाहीये. मी आधी बराच वेळ बघत होतो, हा कोण म्हणून."

"गाडी पाहिलीस का?"

"बाबा, गोटूला कुणाला तरी दाखवा."

फोन ठेवला. सबंध चित्रात याला गाडी तेवढी दिसली नाही. मत्सर माणसाला आंधळा करतो, तो असा.

३१ मे

आठवे! पहिल्यांदा पहिल्या दहात.

सकाळी एक गोष्ट झाली ती लिहून ठेवतो. चालकाच्या सीटमागे पाण्याची पिशवी असते, नळी थेट हेल्मेटमध्ये जाते. बंद छपराची गाडी, आत भट्टी, तासाभरात माणसातलं पाणी आटतं, म्हणून ही सोय. गोटूने ती काढायला लावली. प्राध्यापक नाही म्हणत होता. गोटू म्हणाला, "काकांना विचारा." मला विचारलं. मी म्हटलं, "चालकालाच कळतं त्याला काय हवं. मी कशाला मध्ये पडू?" शेवटी मी त्याच्यावर काही लादत नाही, हे प्राध्यापकाला दिसलं ते बरं झालं.

संपल्यावर दोघांनी त्याला काखेत धरून बाहेर काढलं. केवढा जल्लोष! मी खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. हाताला त्याचं खांद्याचं हाड लागलं. मी म्हटलं, "पहिल्या पाचात आलो की तुला हवं ते मागायचं." तो हसला आणि म्हणाला, "काका, नुसतं पाणी पाजा."

विनोदी आहे पोरगा.

७ जून

पुढच्या रविवारची शर्यत मोसमातली मोठी. मी आमच्या कंपनीचे जुने विक्रेते बोलावले आहेत, ज्यांनी आयुष्यभर माझा पिवळा विकला. चिरंजीवांनाही आमंत्रण दिलंय. आईच्या आग्रहाने येतो म्हणाले.

वहिनी सकाळी खाली आल्या. त्या सहसा माझ्यासमोर बसत नाहीत. आज बसल्या. "भाऊजी, काल तो अंघोळ करून निघाला आणि भिंतीला धरून उभा राहिला."

म्हटलं, "वहिनी, मोसम संपला की मी स्वतः त्याला खाऊ घालीन."

"मोसम कधी संपतो?"

"ऑक्टोबरात."

त्या उठल्या. मी पुढे काही सांगणार होतो, पण विक्रेत्यांचे फोन सुरू झाले.

१७ जून

तीन दिवस लिहिता आलं नाही. आज लिहितो, कारण बाहेर लोक वाटेल ते बोलताहेत. घडलं ते असं.

रविवारी गोटू सहावा सुटला. निम्म्या शर्यतीत चौथा. वरच्या गच्चीत माझे विक्रेते ओरडून घसे बसवत होते आणि चिरंजीव उभे राहून बघत होते. उभे! मी खाली भिंतीजवळ प्राध्यापकाच्या शेजारी, कानाला हेडफोन.

संघात एक कडक नियम असतो. चालकाशी फक्त एकच आवाज बोलतो, इंजिनिअरचा. बाकीच्यांनी ऐकायचं. मालकानेसुद्धा. इतके महिने मी तो पाळला होता.

तिसरी गाडी बंद पडली आणि आम्ही तिसरे झालो. तेव्हाच गोटूने विचारलं, "कितवी फेरी?" प्राध्यापकाने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग म्हणाला, "मला थंडी वाजतेय."

प्राध्यापकाचा चेहरा पडला. तो माझ्याकडे वळला, "याला आत घेतो."

म्हटलं, "वेडा झालास? तिसरे आहोत आपण!"

"साहेब, आत भट्टी पेटलीय आणि त्याला थंडी वाजतेय. अंगात पाणी उरलेलं नाही त्याच्या."

त्याने गोटूशी बोलायच्या बटणाकडे हात नेला. मी त्याच्या आधी दाबलं. एवढंच बोललो: "गोटू, काका बोलतोय. तुझा भाऊ वर उभा राहून बघतोय. एवढं पुरं कर."

क्षणभर नुसती खरखर. मग तो अगदी स्पष्ट म्हणाला, "हो काका."

पुढच्या वळणावर गाडी वळली नाही. ब्रेकचा धूर नाही, चाकांची खूण नाही. सरळ जाऊन भिंतीला लागली.

मनगट मोडलं, तीन बरगड्या मोडल्या. डॉक्टर म्हणतात ते जुळेल. बाकीचं काय ते तपासताहेत.

१९ जून

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. चिरंजीवही बरोबर आले, मी बोलावलं नव्हतं. बाई म्हणाल्या, अपघाताने याचं फार बिघडलेलं नाही. आधीच बिघडलं होतं. मूत्रपिंडं दुखावली आहेत, शरीर कित्येक आठवडे स्वतःलाच खात होतं. "किती दिवस चाललं होतं हे? आणि घरात कोणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

चिरंजीव माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "त्याने स्वतःच ठरवलं होतं. मी त्याला एकदाही खाऊ नकोस म्हटलेलं नाही."

बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला काही म्हटलं का?"

गाडी चालवणं या वर्षी बंद. पुढचं सांगता येत नाही.

सरळ आहे. प्राध्यापकाचं काम होतं लक्ष ठेवणं. त्याने राजीनामा पाठवलाय, मोजून एका ओळीचा. चोराच्या उलट्या बोंबा. मी मंजूर केला नाही. इतक्या सहज सुटू देणार नाही.

२३ जून

नवीनच त्रास. गोटू खात नाही.

समोर ठेवलेलं सगळं नर्सला संपवल्यासारखं दाखवतो. आज चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात पाव, भाताची गोळी, उकडलेलं अंडं निघालं. वहिनींनी ते सगळं रुमालात गोळा केलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर धरलं.

"भाऊजी, हे गेल्यावर तुम्ही आम्हाला सांभाळलंत. मी कधी तोंड उघडून काही मागितलं नाही. आज मागते. त्याला जेव म्हणून सांगा. माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

आत गेलो. म्हटलं, "गोटू, जेव रे."

"हो काका." त्याने घास घेतला, गालात धरला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी बाहेर पडेपर्यंत गिळला नाही.

२५ जून

आज पुन्हा गेलो. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. त्याच्या पायांवरची चादर अशी सपाट होती की खाली कोणी आहे असं वाटेना. मी जरा रागावलोच. म्हटलं, "हे काय चालवलंयस? आता कुठे गाडी चालवायचीय तुला?"

तो शांतपणे म्हणाला, समजूत घालावी तसा, "काका, मोसम ऑक्टोबरपर्यंत आहे. हाडं जुळतील. पण वजन एकदा चढलं की उतरवायला फार वेळ लागतो. आता उतरलंय तर राहू दे."

"कोणी सांगितलं तुला उतरवायला?"

तो गोंधळला. मी परीक्षा घेतोय असं त्याला वाटलं असावं. "रंग आहे ना काका," म्हणाला. "पाच हात आणि दारांच्या आतले. तेवढं मलाच कमी राहायला हवं."

मी म्हटलं, "मी असं म्हटलं होतं का?"

"नाही. तुम्ही कशाला म्हणाल?"

बाहेर येऊन बाकावर बसलो. पिवळा काळ्यावर झाकत नाही. झाकायचा तर खाली काहीतरी द्यावं लागतं. जन्मभर मी हे लोकांना शिकवत आलो आणि इथे खाली काय दिलं जातंय ते मला दिसलं नाही. दिसलं नाही हेही खरं नाही. भुवया वर करून तो रोज सकाळी मला आकडा सांगायचा आणि मी शाबास म्हणायचो.

प्राध्यापकावर राग काढून बघितला, चिरंजीवांवर काढून बघितला. कुठेच टिकत नाही. दादा असता तर त्याने मला काय केलं असतं, हाच विचार डोक्यात आहे. त्याने हात उगारला असता तर बरं झालं असतं.

२८ जून

सकाळी गॅरेजला गेलो. गाडी नव्याने बांधून उभी होती. नवं दार, नवी पुढची बाजू, आणि माझी गोदामातली शेवटची दोन डबडी शेजारी उघडून ठेवलेली. माणसं मला बघून उठली. मी म्हटलं, रंग लावायचा नाही. आहे तोही काढा, सगळा.

कोणी हललं नाही. त्यांना वाटलं, मी तपासतोय. मग प्राध्यापक, जो राजीनामा देऊनही रोज येत होता, त्याने पॉलिशचा कागद घेतला आणि मागच्या बाजूने सुरुवात केली. मीही एक तुकडा घेतला. पिवळ्याची भुकटी बाहीवर, बुटांवर पडत राहिली. तासाभरात माझा हात भरून आला आणि फक्त एका दाराचा रंग निघाला होता. बाकीचं माणसांनी उतरवलं, आणि दुपारी सगळा निघालेला बघून मी तसाच दवाखान्यात गेलो.

वहिनी खाटेशेजारी ताट झाकून बसल्या होत्या. चिरंजीव खिडकीत. त्यांनी माझ्या बाहीकडे पाहिलं.

मी गोटूजवळ बसलो. म्हटलं, "गाडीचा रंग काढला."

त्याने डोळे उघडले. "का?"

"काढला. गाडी काळीच धावणार. कोणी चालवली तरी."

"छपरावरचा?"

"सगळाच."

"आणि लॅकर?"

"लॅकरसुद्धा."

"दारांच्या आतला?"

"आतलाही, गोटू. काही ठेवलेलं नाही."

तो छताकडे बघत हिशेब करत राहिला. ओठ हलत होते. पुन्हा एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खरं बोलतोय ना ते बघायला. मग विचारलं,

"मग मी जेवू, काका?"

वहिनींनी ताटावरचं झाकण काढलं.